वादक राहून साउंड इंजिनिअर होता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. गिटार बऱ्यापैकी वाजते, एका बँडमध्ये नियमित वाजवणं होतं, आणि घरी लॅपटॉपवर मित्रांची गाणी रेकॉर्ड करून झाली आहेत. आता साउंड इंजिनिअर व्हायचं आहे, पण वादन सोडायची इच्छा नाही. कोर्स करावा का, सुरुवात कुठून करावी, यात पोट भरतं का, आणि एआय आल्यावर हे काम शिल्लक राहील का?

दोन्ही करता येतं. मी करतो, आणि माझ्या ओळखीतले बहुतेक चांगले इंजिनिअर कधी ना कधी काहीतरी वाजवत होते किंवा अजून वाजवतात. अट एकच आहे: एका कामात एकच भूमिका. ज्या सेशनला (रेकॉर्डिंगच्या बैठकीला) तुम्ही कन्सोलपुढे, म्हणजे आवाज नियंत्रित करायच्या मेजापुढे, बसलात, त्या सेशनला तुम्ही गिटारिस्ट नाही. काचेपलीकडे, वाजवायच्या खोलीत बसलेला गिटारिस्ट तुमच्यापेक्षा कच्चा असला, त्याची कॉर्ड तुम्हाला पटत नसली, तरी तुमचं काम त्याचा आवाज नीट पकडणं आणि त्याला आरामात वाजवू देणं एवढंच असतं. बहुतेक वादक-इंजिनिअर अडखळतात ते इथेच. तंत्र सगळ्यांना शिकता येतं. जीभ आवरणं मात्र जड जातं.

तुमचं वादन तुम्हाला नेमकं काय देतं, ते आधी बघू. गायक म्हणाला, "अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून परत घेऊ," तर तुम्हाला शोधत बसावं लागत नाही. तुकडा जोडताना श्वास कुठे आहे, ठोका कुठे पडतो हे कानाला आधीच माहीत असतं, त्यामुळे पंच (चुकलेल्या तुकड्याच्या जागी नवा घेणं) बरोबर जागी पडतो. स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) विचित्र घुमतोय असं वाटलं, तर ईक्यूकडे (आवाजाचे खर्ज-टीप भाग कमी-जास्त करायच्या साधनाकडे) हात नेण्याआधी ड्रमरला त्याचं कातडं पुन्हा सुरात लावायला सांगावं हे सुचतं. दहाव्या टेकनंतर (रेकॉर्डिंगच्या प्रयत्नानंतर) वादक थकला आहे की आता कुठे रंगात आला आहे, हे वाजवणाऱ्याला चेहऱ्यावरून कळतं. हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसतं.

तोट्याची बाजूही आहे. गिटारिस्टने केलेल्या मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या जुळवलेल्या एकत्र आवाजात, गिटार वर असते आणि ड्रमरने केलेल्या मिक्समध्ये स्नेअर. मी हे नव्याने आलेल्या मुलांच्या कामात इतक्यांदा ऐकलं आहे की मिक्स ऐकून कोण काय वाजवतो हे ओळखायचा खेळ आम्ही करतो. यावर उपाय म्हणजे स्वतःच्या वाद्याचा फेडर (पातळीची सरकपट्टी) सर्वात शेवटी उचलायचा. आधी गाणं त्याच्याशिवाय उभं करायचं आणि मग ते जेमतेम पुरेल इतकंच आणायचं.

आता कानाबद्दल. वादकाचा कान आणि इंजिनिअरचा कान वेगळ्या गोष्टी ऐकतो. सूर, लय, कॉर्ड तुम्हाला ऐकू येतात. इंजिनिअरला त्याशिवाय आवाजाचा पोत, दोन वाद्यांमधली धक्काबुक्की, खोलीचा घुमारा आणि गोंगाट ऐकावा लागतो. पण वादकाला यात एक पळवाट आहे, ती कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: तुम्हाला फ्रीक्वेन्सी (सेकंदाला होणारी कंपनं, हर्ट्झमध्ये) आधीपासून ऐकू येते, फक्त आकडे माहीत नाहीत. गिटारची सर्वात जाड मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झ, बेस गिटारची त्याच्या निम्म्यावर, ४१. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, जिच्यावर वाद्यवृंद सूर जुळवतो, ती ४४० हर्ट्झ. पियानोचा मधला सी २६१ च्या थोडा वर. सप्तक चढलं की आकडा दुप्पट. एवढं डोक्यात बसलं की "२५० च्या आसपास फार गच्च झालंय" हे वाक्य म्हणजे मधल्या सीच्या आजूबाजूला गर्दी झाली आहे, इतकं सोपं होतं. ३ किलोहर्ट्झच्या वर मात्र सुरांची मदत संपते. तिथे व्यंजनांचा कडकपणा, त्याच्या वर स-श चे फुत्कार, झांजेची चकाकी, असं वेगळं पाठ करावं लागतं.

रोज थोडा वेळ हा सराव करा. ओळखीच्या गाण्यावर फ्रीक्वेन्सीचा एखादा पट्टा सहा डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) उचला, कोणता ते न बघता ओळखा, मग तीन डेसिबलवर या. हा रियाजच आहे, वाद्याच्या रियाजाइतकाच कंटाळवाणा. आणि दोन आवाजांची तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करा. जो किंचित मोठा तो चांगला वाटतो. एक डेसिबलचा फरकही कानाला फसवायला पुरतो. निम्मे प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) या एका कारणाने विकले जातात असा माझा संशय आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज हळू झाला की खर्ज आणि अगदी टीपेचे भाग आपल्याला तुलनेने कमी ऐकू येतात. म्हणून मोठ्या आवाजात केलेला मिक्स भरगच्च वाटतो आणि तोच हळू लावला की पोकळ. मी बराचसा मिक्स बोलण्याच्या पातळीवर करतो, अधूनमधून मोठा लावून तपासतो आणि लगेच खाली येतो.

इलेक्ट्रॉनिक्स शिकल्याचा उपयोग कुठे, तर फेजमध्ये, म्हणजे एकाच आवाजाच्या दोन लहरी किती मागे-पुढे पोहोचतात त्यात. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर. एकाच गिटारसमोर दोन माइक ठेवले आणि त्यांच्या अंतरात ३४ सेंटीमीटरचा फरक असला, तर दोन्ही मिसळल्यावर ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. वर्गात हे गणित अनेकांनी सोडवलेलं असतं. स्टुडिओत तेच गणित "गिटार पातळ का वाटतेय" या तक्रारीच्या रूपात येतं, तेव्हा ओळखू येत नाही. ईक्यू करून हा खड्डा बुजत नाही. माइक हलवावा लागतो, किंवा एक माइक बंद करावा लागतो. बरेचदा दुसरा.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे लेटन्सी, आवाज संगणकातून फिरून कानात येईपर्यंतचा उशीर. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे ५.३ मिलिसेकंद, जाताना-येताना मिळून दहाच्या पुढे सहज जातं. दहा मिलिसेकंद म्हणजे अॅम्प साडेतीन मीटरवर ठेवल्यासारखं, आणि स्टेजवर तेवढ्या अंतराने कोणाही गिटारिस्टचं बिघडत नाही. मग गायक का कुरकुरतो? कारण त्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्याच्याशी भिडून डोक्यातच खड्डे पाडतो. तो म्हणतो "माझा आवाज नाकातला येतोय", आणि नवखा इंजिनिअर माइक बदलायला धावतो. अशा वेळी बफर कमी करा, नाहीतर इंटरफेसवरून (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवरून) थेट मॉनिटरिंग द्या, म्हणजे संगणकातून न फिरवता आवाज कानात पोहोचवा.

हेडफोन मिक्सवर जरा थांबतो, कारण वादकाला याच्याइतकी आघाडी दुसरीकडे कुठेच मिळत नाही. गायकाच्या कानात त्याचाच आवाज फार मोठा असेल तर तो दबकून गातो आणि वरच्या सुरांना कमी पडतो. फार लहान असेल तर ओरडतो आणि चढा लागतो. आधाराला सूर देणारं वाद्य, पियानो किंवा साधी गिटार, स्पष्ट नसेल तर सुराची पकड सुटते. रिव्हर्ब (घुमारा) थोडा दिला तर मोकळं वाटतं, जास्त दिला तर सूर कुठे बसला हे त्यालाच कळत नाही. सेशन सुरू करण्यापूर्वी तुम्ही स्वतः तो हेडफोन लावून दोन ओळी गाऊन बघा. इंजिनिअर हे क्वचितच करतात, आणि जो करतो त्याला गायक पुन्हा बोलावतात. टॉकबॅकचंही, म्हणजे काचेपलीकडच्याशी बोलायच्या माइकचंही, तसंच. टेक संपल्यावर काचेपलीकडे शांतता ठेवली तर गाणारा घाबरतो, आत सगळे हसतायत असं त्याला वाटतं. काहीतरी लगेच बोला, आणि ते त्याच्या उपयोगाचं असू द्या.

आता करिअरचा रस्ता. पूर्वी याला सरळ शिडी होती. लंडनच्या ॲबी रोडवर, म्हणजे ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत, मुलं शाळा संपवून लागायची. टेपच्या साठ्यात हमाली, मग टेप मशीन चालवणारा सहायक, मग रेकॉर्डच्या तबकड्या कापणं, आणि सगळ्यात शेवटी बॅलन्स इंजिनिअरची (मुख्य रेकॉर्डिंग इंजिनिअरची) खुर्ची. ज्योफ एमरिक या शिडीने चढला आणि १९६६ मध्ये, जेमतेम विशीत, बीटल्सचा इंजिनिअर झाला. तबकडी कापताना खर्ज जास्त झाला तर सुई उडते, हे हाताने शिकल्यावरच मिक्स करायला मिळत असे. ते शिक्षण किती मोलाचं होतं ते आता जाणवतं. त्याच इमारतीत सहायक म्हणून सुरुवात केलेल्या ॲलन पार्सन्सने पिंक फ्लॉइडचा १९७३ चा प्रसिद्ध अल्बम इंजिनिअर केला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत स्वतःच्या नावाचा संगीत-प्रकल्प उभा केला. तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उदाहरण नाही. दोन्ही केलं, पण आधी एक, मग दुसरं.

ती शिडी आता बहुतेक ठिकाणी मोडली आहे. घरोघरी रेकॉर्डिंग होऊ लागल्यावर मोठे स्टुडिओ कमी झाले, आणि सहायक ठेवणं उरलेल्यांपैकी अनेकांना परवडत नाही. वरच्या पायऱ्या आहेत, खालच्या गेल्या. त्यामुळे "स्टुडिओत इंटर्न होईन आणि पाच वर्षांनी इंजिनिअर" या हिशेबावर एकट्याने विसंबू नका. कुठे चहा-पाणी आणि केबल गुंडाळण्याच्या मोबदल्यात नुसतं बसू देत असतील तर काही महिने जरूर बसा, पण त्याला मुदत घाला. शिकायला मिळत नसेल तर ते फुकटचं राबणं आहे.

तुमच्या बाजूने एक दार मात्र उघडं आहे, आणि त्यातून फार कमी जण शिरतात: दुरुस्ती आणि देखभाल. सुझन रॉजर्स या मूळच्या ऑडिओ टेक्निशियन, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या. अमेरिकन पॉपस्टार प्रिन्सने त्यांना १९८३ मध्ये त्याच कामासाठी घेतलं, आणि काही काळातच त्या त्याच्या मुख्य रेकॉर्डिंग इंजिनिअर झाल्या. पुढे स्टुडिओ सोडून त्यांनी मॅकगिल विद्यापीठातून संगीत कानाला आणि मेंदूला कसं कळतं या विषयात डॉक्टरेट केली आणि बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकवलं. तारेला डाग देता येणं, घुरघुर कुठून येते ते ग्राउंड लूप (अर्थिंगच्या जोडणीतला दोष) शोधून काढणं, पॅचबे (केबल जोडण्याची पाटी) समजणं, फँटमचे (कंडेन्सर माइकला लागणाऱ्या विजेचे) ४८ व्होल्ट माइकपर्यंत पोहोचतात की नाही हे मल्टिमीटरने बघणं, या गोष्टी ज्याला येतात त्याला स्टुडिओ आणि साउंड कंपन्या आनंदाने दारात उभं करतात. मिक्सिंग येतं म्हणणारे पुष्कळ असतात. बंद पडलेला चॅनेल अर्ध्या तासात चालू करणारा विरळा.

माझा सल्ला विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं लाइव्ह साउंडमध्ये घालवा. काम लवकर मिळतं, पैसे त्या मानाने नियमित मिळतात, आणि परत घेऊ, पुन्हा करू ही सोय नसल्यामुळे हात झपाट्याने बसतो. त्यातही एफओएच, म्हणजे प्रेक्षकांसाठीचा मिक्स, सगळ्यांना हवा असतो. तुम्ही मॉनिटर इंजिनिअर व्हा. स्टेजच्या कडेला उभं राहून प्रत्येक वादकाला त्याच्या कानात किंवा समोरच्या वेजमध्ये (स्टेजवर ठेवलेल्या तिरक्या स्पीकरमध्ये) हवं ते द्यायचं. ड्रमरला बेस हवा असतो, बेसवाल्याला किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), गायकाला स्वतःचा आवाज आणि सुराचा आधार. सहा जणांचे सहा मिक्स, आणि सगळे एकाच वेळी हाताने खुणा करतायत. वाजवलेल्या माणसाला त्या खुणा मागण्याआधी कळतात.

इथे भौतिकशास्त्र अंगावर येतं. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माइक, उदाहरणार्थ १९६६ पासून स्टेजवर असलेला शुअरचा एसएम५८ वगैरे, बरोबर मागच्या बाजूने सर्वात कमी ऐकतो, म्हणून वेज थेट माइकच्या शेपटीमागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद ऐकणारा) माइक आला की तीच जागा चुकीची ठरते, कारण त्याचा बहिरा कोन साधारण १२५ अंशांवर असतो. वेज थोडे बाजूंना सरकवावे लागतात. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की मागची छिद्रं बुजतात, माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारा फीडबॅक) सुरू होते. त्या क्षणी ईक्यूत शोधाशोध करण्यापेक्षा गायकाला मूठ सोडायची खूण केलेली बरी. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीपर्यंतची मोकळीक तीन डेसिबलने घटते, तेव्हा जो वापरात नाही तो माइक बंद. या सगळ्यांत गुपित काहीच नाही, पण कार्यक्रम सुरू असताना हे आठवायला पन्नासएक कार्यक्रम अंगावरून जावे लागतात.

बाकीच्या वाटा भराभर सांगतो. चित्रपट आणि मालिकांसाठी लोकेशन साउंडमध्ये बूम (लांब दांडीवरचा माइक) धरण्यापासून सुरुवात होते. दिवस लांब, शिस्त कडक, आणि संवाद स्वच्छ मिळाला तर कोणी कौतुक करत नाही. त्यानंतरच्या टप्प्यावर संवाद-संपादन, फोली (पावलं, कपडे असे आवाज नव्याने करणं), साउंड डिझाइन, फायनल मिक्स अशी वेगवेगळी माणसं असतात. गेम ऑडिओत वाइज आणि एफमॉड ही सॉफ्टवेअर शिकावी लागतात. तिथे तुमची इंजिनिअरिंगची पदवी आणि थोडं प्रोग्रॅमिंग खरोखर कामी येतं. ऑडिओबुक आणि पॉडकास्ट हे कमी चमकदार पण चालू राहणारं काम आहे, आणि त्याने माप पाळण्याची सवय लागते. उदाहरणार्थ, एसीएक्स या ऑडिओबुक घेणाऱ्या सेवेवर पुस्तक द्यायचं तर सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या आत, शिखर उणे ३ च्या खाली आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली लागतो. युरोपीय प्रसारणासाठीचं आर१२८ हे माप उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक). माप चुकलं की फाइल परत येते, तिथे कला वगैरे चालत नाही.

कोर्स करावा का? संगीत आणि तंत्र एकत्र शिकवण्याची सर्वात गंभीर परंपरा म्हणजे जर्मनीतली टोनमाइस्टर पद्धत. डेटमोल्डमध्ये १९४९ मध्ये ती सुरू झाली, आणि इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने १९७० मध्ये त्याच नावाची पदवी सुरू केली. अशा ठिकाणी इंजिनिअरलाही वाद्य यावं लागतं, स्वरलिपी वाचता यावी लागते, सोबत गणित आणि ध्वनिशास्त्रही असतं. तुम्हाला असं काही परवडत आणि मिळत असेल तर जरूर करा. पण काही महिन्यांत "सर्टिफाइड साउंड इंजिनिअर" करणाऱ्या जाहिरातींकडे बघताना दोन प्रश्न विचारा: दर आठवड्याला प्रत्यक्ष किती तास माइक आणि कन्सोल तुमच्या हाती असेल, आणि शिकवणारे स्वतः सध्या काम करतात का. सॉफ्टवेअरची बटणं शिकायला फी भरू नका, ती घरी शिकता येतात. कोर्सचा खरा उपयोग खोली, माइक आणि सोबतीण-सोबती मिळणं हा आहे. पुढची दहा वर्षं काम त्याच वर्गमित्रांकडून येतं. तुम्ही पदवी मात्र पूर्ण करा. शेवटच्या वर्षात सोडण्यात शहाणपण नाही, आणि प्रोजेक्ट निवडायची मुभा असेल तर माइक प्रीअॅम्प बनवा.

सामानाबद्दल फार विचारू नका. दोन चॅनेलचा इंटरफेस, एक चांगला डायनॅमिक माइक, एक कंडेन्सर, बंद पाठीचे हेडफोन, छोटे मॉनिटर स्पीकर. त्यापुढचा प्रत्येक पैसा खोलीच्या कोपऱ्यात जाड शोषक लावण्यात घाला, कारण खर्ज खोटा ऐकू येत असेल तर बाकी सगळं अंदाजपंचे होतं. २४ बिटवर रेकॉर्ड करा आणि शिखरं उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. पातळी लाल दिव्यापर्यंत नेण्याचं आता काहीच कारण नाही.

पोट भरतं का? भरतं, पण सुरुवातीला एकाच प्रकारच्या कामावर नाही. बहुतेकांचं उत्पन्न लाइव्ह, एडिटिंग, थोडं रेकॉर्डिंग, थोडं शिकवणं, थोडं वादन असं जोडजोडून होतं. इथे "एक ना धड, भाराभर चिंध्या" होण्याचा धोका खरा आहे, म्हणून लोकांनी तुम्हाला कोणत्या एका कामासाठी आठवावं ते ठरवा आणि बाकीचं त्याच्या आधाराने करा. फी ठरवताना दिवसाप्रमाणे की गाण्याप्रमाणे, मिक्समध्ये दुरुस्तीच्या किती फेऱ्या, आगाऊ किती, आणि सेशनच्या मूळ फाइल कोणाच्या, हे काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. मैत्रीत लिहिणं अवघड वाटतं, पण तिसऱ्या फेरीनंतर मैत्री टिकवणं त्याहून अवघड. हक्कांच्या बाबतीत एवढं लक्षात असू द्या की गाण्याची रचना आणि त्याचं ध्वनिमुद्रण या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरला सहसा फी मिळते आणि तिथे विषय संपतो. रिफ (गाण्यातला पुन्हापुन्हा येणारा वाद्याचा तुकडा) तुमची असेल तर तुम्ही रचनेत भागीदार असू शकता, वाजवलं असेल तर वादक म्हणून तुमचे हक्क येतात. एकाच गाण्यात तुम्ही यातल्या दोन-तीन भूमिका केल्या असतील तर प्रत्येकीची नोंद वेगळी करा. वादक-इंजिनिअरला इथेच फुकटात गुंडाळलं जातं: "तू होतासच तिथे, म्हणून जरा वाजवलंस."

एआयने काही कामं खाल्ली आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. गोंगाट काढणं, तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा करणं, स्वस्तातलं मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) हे आता मिनिटांत होतं, आणि त्यावर जगणाऱ्यांना फटका बसला आहे. मी स्वतः ती साधनं वापरतो. पण माइक कुठे ठेवायचा, थकलेल्या गायकाला घरी पाठवायचं की अजून एक टेक घ्यायचा, भर कार्यक्रमात तुटलेली केबल कोणती, हे अजून माणसाकडेच आहे. प्रत्यक्ष हजर राहावं लागतं अशा कामाकडे झुका. दूर बसून फक्त फाइल सुधारून देण्यावर नवीन माणसाने सगळं भविष्य लावणं मला धोक्याचं वाटतं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कान सांभाळण्याबद्दल सांगणं भाग आहे. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. छोट्या खोलीत ड्रमसोबत बँडची तालीम ही मर्यादा पहिल्या दोन गाण्यांतच ओलांडू शकते. वादक म्हणून तुमचा कोटा आधीच खर्च होतोय, वर इंजिनिअर म्हणून तोच कान विकायचा आहे. सगळ्या फ्रीक्वेन्सी सारख्या कमी करणारे प्लग घ्या, फोमचे नकोत, त्यांनी वरचा भाग मातीत जातो आणि मग तुम्ही ते काढून ठेवता. आत्ताच एकदा श्रवणचाचणी करून तिचा आलेख जपून ठेवा. तालमीनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या रात्री मिक्स करू नका.

राहिला तुमचा बँड. साहजिकच सगळे म्हणतील, आपला अल्बम तूच रेकॉर्ड कर. डेमो करा, तालमी रेकॉर्ड करा, त्यातून भरपूर शिकाल. अल्बम मात्र दुसऱ्या इंजिनिअरकडून करून घ्या आणि तुम्ही फक्त गिटार घेऊन जा. काचेपलीकडे बसून वाट बघणं म्हणजे काय, हेडफोनमध्ये चुकीचा मिक्स आला की हात कसे आखडतात, टॉकबॅकवरच्या एका वाक्याने पुढचा टेक कसा सुधारतो किंवा बिघडतो, हे वादक म्हणून तिथे बसल्यावरच कळतं. त्या इंजिनिअरने माइक कुठे ठेवले त्याचे फोटो काढा, पण सेशनच्या मध्ये कारण विचारू नका, जेवणाच्या सुट्टीत विचारा. आणि मिक्स आल्यावर बँडच्या सगळ्या सूचना एकत्र करून, वेळेच्या खुणांसकट, एकदाच पाठवा. त्यात गिटार वाढवायची सूचना असेल तर ती तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली असू द्या.